आकाशवाणीला मीटर

रेडिओ मेला, अशी द्वाही फिरविणाऱ्यांची सध्या चंगळ आहे. त्यांचे म्हणणे असे की, आता सारे काही मोबाईलमध्ये आहे. आकाशवाणीचे स्वतःचे ॲप आहे, त्यावर दोनशेहून अधिक केंद्रे ऐकू येतात, डेटा मातीमोल झाला आहे. मग ते मनोरे, त्या मध्यम लहरी आणि ती खरखर कशासाठी जपायची? गुंडाळा तो जुना पसारा! या मंडळींना माझे स्पष्ट सांगणे आहे की रेडिओ मेलेला नाही. त्याला मीटर बसविण्यात आला आहे. आणि ज्याला मीटरचे पैसे भरवत नाहीत त्याच्या घरी तो गप्प झाला, एवढ्यावरून तुम्ही त्याच्या तेराव्याची तयारी चालविली आहे.

सणासुदीच्या अंकात हा कडू विषय कशाला, असे कोणी विचारील. अहो, नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाखाली कारीट फोडतो ते कडू असते म्हणूनच ना? आधी कारीट, मग फराळ, हा आपला जुना क्रम आहे. तेव्हा हा लेख कारिटाच्या जागी समजावा.

मी आरे कॉलनीत राहतो. मुंबईच्या पोटात असूनही मुंबईला फारशी ठाऊक नसलेली ही वस्ती. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत आणि मुंबईला निर्भेळ दूध मिळावे म्हणून १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने ती वसली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिच्याही आधीपासून इथे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत, एकूण सत्तावीस. वृक्षतोडीच्या वादामुळे २०१९ साली आरेचे नाव देशभर झाले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात इथून भुयारी मेट्रोही धावू लागली. पण मेट्रोच्या स्थानकापासून थोडे आत शिरावे, म्हणजे गोठ्यांच्या युनिटांत मध्यरात्रीनंतर धारा काढणारी माणसे दिसतात आणि पाड्यांवरून उजाडायच्या आत भाजीची टोपली घेऊन गोरेगावच्या बाजाराकडे निघालेल्या बायका दिसतात. रेडिओचे खरे श्रोते हे आहेत. ज्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात आणि कान तेवढे मोकळे असतात, त्याच्यासाठीच रेडिओ जन्माला आला. धार काढणारा माणूस पडद्याकडे बघत बसला तर म्हैस लाथ मारील!

पूर्वी गोठ्यातल्या खुंटीला ट्रान्झिस्टर टांगलेला असे. आता त्याच खुंटीला मोबाईल असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, प्रगती झाली. काय झाले आहे ते जरा उलगडून पाहू.

मनोऱ्यावरून होणारे प्रसारण हे गावच्या विहिरीसारखे असते. एकाने पाणी भरले काय आणि हजारांनी भरले काय, विहीर खणण्याचा खर्च तोच. मालाडच्या बाजूच्या प्रक्षेपकावरून एकदा लहर निघाली की ती शंभर घरांत शिरो की दहा लाख घरांत, तिला एक पैसा जास्त लागत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही लागत नाही. इंटरनेटवरचा रेडिओ म्हणजे टँकर. प्रत्येक घरासाठी वेगळी खेप. दहा जण एकच गाणे एकाच क्षणी ऐकत असले तरी दहा वेगळ्या प्रती दहा वेगळ्या वाटांनी येतात आणि दहा जणांच्या खात्यातून वजा होतात. १९५५ साली पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हा एका घरच्या संचाभोवती सारी आळी जमत असे. त्या आळीत आज प्रत्येकाच्या कानात वेगळी दोरी आहे आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला वेगळे मीटर आहे.

आता हिशेब. पुष्कळशी केंद्रे नेटवर सेकंदाला ६४ किलोबिट या मापाने ऐकविली जातात असे धरा. तासाला सुमारे २९ मेगाबाईट खर्च होतात. अठ्ठावीस दिवसांना दोन जीबी देणारी स्वस्तातली योजना घेतली तर साऱ्या महिन्यात मिळून सुमारे ६९ तास रेडिओ ऐकता येतो. म्हणजे दिवसाला अडीच तास. तेही व्हॉट्सॲपवर नातवाचा एक फोटोसुद्धा न पाहता. रात्री दोनला उठून सकाळी आठपर्यंत राबणाऱ्या माणसाचा रेडिओ पहिल्या धारेबरोबर सुरू झाला तर धारा संपायच्या आत बंद पडायचा!

“मग रोज दीड जीबी देणारी योजना घ्यावी,” असे सुशिक्षित उत्तर येते. कबूल, त्या योजनेत चोवीस तास रेडिओ लावला तरी निम्मासुद्धा डेटा संपत नाही. पण पाड्यावरच्या घरात तो मोबाईल एकट्या रेडिओसाठी असतो थोडाच? शाळेचा अभ्यास त्यावर, गावाकडच्या भावाशी बोलणे त्यावर, आणि पोरांची चित्रे त्यावर. दुपारपर्यंत दीड जीबीचा फडशा पडतो. मग अशा बऱ्याच योजनांत वेग खाली येतो, कितीवर? तर ६४ किलोबिटवर! गंमत पाहा. ६४ चा आवाज ६४ च्या नळीतून वाहून नेताना सोबतीचे वेष्टणही न्यावे लागते, त्यामुळे तो मावत नाही. बातमीदार अर्धे वाक्य बोलतो आणि दम खातो. याला कागदोपत्री ‘अमर्याद’ म्हणतात. मराठीत याला काय म्हणतात ते सणाच्या दिवशी लिहीत नाही.

शिवाय ती योजना घ्यायची कशातून? २०२४ च्या जुलैत मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकामागोमाग दर वाढविले. महिन्याचे दिवस अठ्ठावीस करून ठेवल्यामुळे वर्षाचे बारा महिने केव्हाच तेरा झाले आहेत. निदान एक तरी योजना तीस दिवसांची असावी असे २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, फर्मान काढून सांगावे लागले, यातच सारे आले.

यावर एक बिनतोड समजला जाणारा मुद्दा काढण्यात येतो: जुना रेडिओ तरी कुठे फुकट होता? लायसन्स लागतच असे की! बरोबर आहे. १९२७ साली मुंबईत केंद्र सुरू झाले तेव्हा वर्षाला दहा रुपये फी होती, आणि पुढे कित्येक वर्षे आपले वडील पोस्टात उभे राहून त्या लायसन्सच्या पुस्तिकेवर तिकिटे चिकटवून आणीत. पण ती फी वर्षाची होती, घटकेची नव्हती. जास्त ऐकलेत म्हणून जास्त पैसे कोणी मागितले नाहीत. आणि १९८० च्या दशकात सरकारने तीही रद्द केली. सरकारने जो दरवाजा उघडला तिथे आता दुसरेच कोणी टोलनाका घालून बसले आहे, हे माझे गाऱ्हाणे आहे.

नेटवरच्या रेडिओचा मी वैरी नव्हे. त्याचे उपकार मोठे आहेत. कोकणातून येऊन गोरेगावात स्थिरावलेल्या माणसाला रत्नागिरी केंद्र घरबसल्या ऐकू येते. अमेरिकेतल्या लेकीला सांगलीचे केंद्र लावून आईशी एकाच कार्यक्रमावर बोलता येते. कुठल्याही मनोऱ्याला हे कधी साधले नसते. टँकर वाईट असतो असे कोण म्हणेल? टँकर आला म्हणून विहीर बुजविणे वाईट.

काही दयाळू लोक सुचवितात की, कंपन्यांना सांगून आकाशवाणीपुरता डेटा फुकट करून घ्यावा. या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. कोणते संकेतस्थळ स्वस्त आणि कोणते महाग हे कंपनीने ठरवायचे नाही, असा नियम ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी केला, आणि तो शहाणपणाचा आहे. आज आकाशवाणी फुकट करणारा उद्या स्वतःचे दुकान फुकट करील आणि बाकीच्यांच्या दारात काटे पेरील. आपल्याला कृपा नको, हक्क हवा.

आणि तो हक्क द्यायला फार मोठे भांडवल लागत नाही. पुष्कळ मोबाईलमध्ये एफएमचा ग्राहक मुळातच बसविलेला असतो. डेटा नको, रिचार्ज नको, वायरचा इअरफोन लावला की तीच वायर एरियलचे काम करते. पण कित्येक नव्या मोबाईलमध्ये ही सोय झोपवून ठेवलेली असते. ती बंद करू नका आणि जिथे नाही तिथे बसवा, असे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने एप्रिल २०२३ मध्ये उत्पादकांना कळविले. कळविले म्हणजे सल्ला दिला. सल्ल्याला कोण भितो? दरम्यान वायर खुपसण्याचे भोकच मोबाईलवरून नाहीसे होत चालले आहे. सल्ला सोडून सक्ती करा, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी आकाशवाणीकडे. आपल्या प्रत्येक केंद्राचा एक हलका प्रवाह नेटवर ठेवा, २४ किलोबिटचा. आजच्या तंत्राने तेवढ्यात बोलणे स्वच्छ ऐकू येते आणि गाणेही गोड लागते. तासाला अकरा मेगाबाईटही लागणार नाहीत. तोच दोन जीबीचा डेटा अडीच तासांऐवजी दिवसाला साडेसहा तास पुरेल, आणि वेग ६४ वर घसरला तरी आवाज तुटणार नाही. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ज्या संस्थेचे ब्रीद, तिला बहुजनांच्या खिशातला रिचार्ज किती रुपयांचा असतो हे ठाऊक असायला नको?

तिसरी मागणी मनोऱ्यांविषयी, आणि ती जिवाशी गाठ घालणारी आहे. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आरेच्या अंगाने वाहणारी मिठी नदी खाली जाऊन काळ झाली. त्या संध्याकाळी मुंबईत मोबाईल मुके झाले होते. ते होणारच; कारण संकटात प्रत्येक जण आपापला टँकर एकाच वेळी मागवतो आणि रस्ता तुंबतो. मनोऱ्याचा रस्ता तुंबत नाही. दोन सेलवर चालणारा डबा घरी असला की लाखो माणसांना एकच सूचना एकाच क्षणी मिळते. उद्या पुन्हा तसा पाऊस आला, तर पाड्यावरच्या बाईने “आपला शंभर टक्के डेटा संपला आहे” हा संदेश वाचत बसायचे काय?

वाचकहो, फराळाच्या ताटावरून उठल्यावर तीन गोष्टी करा. घरातले सारे मोबाईल पुढे घेऊन कोणत्यात एफएम आहे ते पाहा, आणि पुढचा मोबाईल घेताना दुकानदाराला आधी तेच विचारा. नसेल तर का नाही म्हणून विचारा. शंभर गिऱ्हाइकांनी विचारले की एकशे एकाव्याला तो आपण होऊन दाखवील. हलक्या प्रवाहाची मागणी करणारे एक पत्र आकाशवाणीला टाका. आणि भाऊबीजेला ताईच्या ओवाळणीबरोबर, किंवा गावाकडच्या आजीला पाडव्याला, एक साधा, सेलवर चालणारा रेडिओ द्या. साडीहून तो पुष्कळ स्वस्त पडतो, आणि त्याला तेरावा महिना नसतो.