नोकरीनंतरचे लेखन : उशीर की उमेदवारी?

उशिरा लिहू लागलेल्या माणसाकडे पाहण्याच्या मराठी साहित्यव्यवहारात दोन तऱ्हा आहेत. एक कौतुकाची : निवृत्तीनंतर विरंगुळा बरा शोधलात. दुसरी अपेक्षेची : तुमच्यापाशी अनुभवांची शिदोरी आहे, तेवढी कागदावर उतरवा. पहिली तऱ्हा लेखनाला छंद ठरवते, दुसरी लेखकाला साक्षीदार. आम्हांला दोन्ही अन्यायाच्या वाटतात. दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे : लेखक घडतो तो विशी-पंचविशीत, आणि पोटापाण्यासाठी घालवलेली पुढची तीस वर्षे म्हणजे लेखनाच्या खात्यातली तूट.

घोडपदेवसारख्या वस्तीत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. गिरणी आणि गोदी यांच्या पाळ्यांवर येथल्या घरांचे वेळापत्रक ठरत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांची आयुष्ये विस्कटली. पुढे न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या इमारती उभ्या राहिल्या. दुसरा व्यवसाय ही येथे हौसेची निवड नव्हती. गिरणी गेली तेव्हा मिळेल ते काम धरावे लागले. अशा एखाद्या माणसाने साठीत वही उघडली, की आपण त्याच्याकडे संपाच्या आठवणी मागतो. त्याला प्रेमकथा लिहायची असेल, किंवा गावाकडच्या एखाद्या विहिरीवर कादंबरी, तर त्याच्यासाठी आपल्याकडे रकानाच नसतो.

या संदर्भात श्री. ना. पेंडसे यांचे उदाहरण मोलाचे आहे. 'बेस्ट'मध्ये नोकरी करीत असताना त्यांनी 'गारंबीचा बापू' (१९५२) आणि 'रथचक्र' (१९६२) लिहिल्या. त्यांत मुंबईची बस नाही, दापोलीकडचे कोकण आहे. नोकरीने त्यांना विषय दिला नाही. पण नोकरी सांभाळूनही कादंबरीएवढे दीर्घ काम तडीस नेता येते, हे त्यांनी दाखवून दिले. शिवाय 'तुंबाडचे खोत' हे द्विखंडी काम १९८७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा १९१३ साली जन्मलेले पेंडसे चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. याला विरंगुळा म्हणण्याचे धाडस कोण करील?

नारायण सुर्वे यांची वाट निराळी. गिरणीतले काम, शाळेतली शिपाईगिरी, मग शिक्षकी, असे करीत पहिला संग्रह 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आला, तेव्हा ते पस्तिशीच्या आसपास होते. दुसऱ्या संग्रहाला त्यांनी 'माझे विद्यापीठ' (१९६६) हे नाव दिले. सुर्व्यांचे कर्तृत्व कामगार असण्यात नव्हते. कामगार तर लाखो होते. कामगारवस्तीतल्या बोलण्याचा ताल त्यांनी कवितेच्या ओळीत पेलून दाखवला, हे ते कर्तृत्व. वर्गात मात्र आपण बहुधा त्यांचे चरित्र शिकवतो आणि ओळीची बांधणी विद्यार्थ्यांवर सोडतो.

अर्थात, उशिरा लिहिणाऱ्यांच्या बाजूनेही एक भ्रम असतो. जगलो भरपूर, आता फक्त लिहायचे बाकी आहे, असे अनेकांना वाटते. अनुभव आपोआप साहित्य होत नाही. फिटरला हत्यार हाताशी बसायला वर्षे लागली, तशी वाक्य हाताशी बसायलाही लागतात. ज्याने एका धंद्यात उमेदवारी केली आहे त्याला ही गोष्ट खरे तर तरुणांपेक्षा लवकर उमगावी. खराब झालेला माल बाजूला काढायची सवय त्याच्या हाताला असते; खोडायला शिकणे त्याच्यासाठी नवे नाही.

आणखी एक मुद्दा. 'निवृत्तीनंतर लेखन' हा शब्दप्रयोगच मुळात पुरुषी आहे. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना सेवानिवृत्ती कधी मिळाली? फलटणच्या बेबी कांबळे दुकान सांभाळताना लिहीत, आणि ते लेखन त्यांनी वर्षानुवर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते. 'जिणं आमुचं' त्या चोरलेल्या वेळातून आले. लेखनाचे आयुष्य स्वीकारणे म्हणजे नोकरी सोडणे नव्हे. दिवसातला एखादा तास आपला आहे असे ठरवणे आणि तो राखणे. काहींना एवढ्यासाठीही भांडावे लागते.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांकडे आमचे मागणे साधे आहे. उशिरा लिहिणाऱ्याचे हस्तलिखित हाती आले, तर त्याचे वय आणि हालअपेष्टा क्षणभर दूर ठेवा. विशीतल्या कवीला विचारता तेच प्रश्न विचारा : ही ओळ येथे का, हा शब्द कशासाठी, हे प्रकरण लांबले का? कठोर वाचन हाही आदराचाच प्रकार आहे. माणसाला गहिवरून निरोप देण्यापेक्षा त्याच्या दुसऱ्या पानावर खूण करून ते परत पाठवणे अधिक प्रामाणिक आहे. त्या खुणेवरूनच तिसऱ्या पानाचे काम सुरू होते.