वादळाचे नाव

नदीला नाव असते, तसे समुद्रात उठणाऱ्या वादळालाही नाव दिले जाते. त्यामुळे सावधानतेची सूचना लोकांच्या ध्यानात राहते. अटलांटिक महासागरातील वादळांची नावे दर सहा वर्षांनी पुन्हा वापरतात. मात्र ज्या वादळाने मोठा संहार केला, त्याचे नाव यादीतून कायमचे काढतात. भारताभोवतीच्या समुद्रांत प्रत्येक नाव एकदाच वापरावयाचे, अशी रीत आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या वादळाचे ‘निसर्ग’ हे नाव पुन्हा कोणत्याही वादळास मिळणार नाही.

ही रीत योग्यच होय. ज्या नावाने घरे उद्ध्वस्त केली, ते पुन्हा कानी पडून दुःखितांची जखम उघडी होऊ नये. परंतु नावाबरोबर आठवणही पुसून टाकावी काय?

सोलापूर जिल्ह्याचेच पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरात निर्माण झालेले कमी दाबाचे तीव्र क्षेत्र आंध्रचा किनारा ओलांडून थेट येथवर आले. एरवी पावसाची वाट पाहणाऱ्या या जिल्ह्यात मुसळधार पाऊस कोसळला. भीमेला पूर आला. उभी पिके बुडाली. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्याला नावच मिळाले नाही. पण नाव नव्हते म्हणून हानी थोडीच टळली?

तेव्हा नाव खुशाल निवृत्त करावे; धडा मात्र जपावा. पुराचे पाणी जेथवर चढले, तेथे भिंतीवर खूण कोरून शेजारी तारीख लिहावी. नव्या घराचा पाया खणणाऱ्याने ती आधी पाहावी.