पोत्याचा भाव नव्हे, कलेजीचा रंग पाहा

आम्ही कापडाचे व्यापारी. कोंबडीच्या कलेजीवर आम्ही लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण वसई, नालासोपारा व विरार या भागात आपले कितीतरी बांधव चिकनच्या दुकानावर आणि केटरिंगवर पोट भरतात, आणि पूर्वेकडील गावांत शेड बांधून ब्रॉयलर पाळण्यात पैसा घालणारेही काही आहेत. तेव्हा हा विषय आपल्या सर्वांच्याच खिशाचा आहे.

आमच्या साडूंनी अशीच एक शेड घेतली. खाद्यावर पोत्यामागे पैसे वाचावेत म्हणून पावसाळ्यात स्वस्त मका व तांदळाची कणी आणून खाद्य घरीच तयार केले. पक्षी दिसायला बरे होते. दुकानात कापले तेव्हा कलेजी पिवळी, फुगलेली आणि बोटाने चुरा होणारी निघाली. दुकानदाराने पुढच्या मालाचा भाव पाडला. वाचलेले पैसे तर गेलेच, वर नावही गेले.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरतो. त्यासाठी त्याला किलो खाद्यामागे सुमारे 3,000 ते 3,200 कॅलरी लागतात. त्यांचा मोठा भाग मक्याच्या पिठूळ सत्त्वातून, म्हणजे स्टार्चमधून येतो. पक्ष्यांच्या शरीरात चरबी बनविण्याचे काम मुख्यत्वे यकृतातच चालते. खाद्यात नुसता स्टार्च भरला आणि प्रथिने कमी पडली, तर शिल्लक साखरेची चरबी यकृतात तयार होते. ती तेथून बाहेर नेण्यासाठी कोलीन व मेथिओनीन हे घटक लागतात. तेही अपुरे असले की चरबी तेथेच साचते व कलेजी पिवळी पडते.

यावर उपाय असा की ऊर्जेचा काही भाग चांगल्या वनस्पती तेलातून द्यावा. तेलात स्टार्चच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते आणि यकृताचे चरबी बनविण्याचे कामही कमी होते. पण तेल ताजे हवे. भजी-वडे तळून काळे झालेले तेल स्वस्तात मिळते म्हणून खाद्यात ओतले, तर ते खवट तेलच यकृताला इजा करते. भाताचा कोंडाही तसाच. गिरणीतून निघाल्यावर थोड्याच दिवसांत तो खवट होऊ लागतो.

सर्वांत मोठा शत्रू मात्र बुरशी. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत मका ओलावा धरतो, त्यावर बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. हे विष थेट यकृतावर घाव घालते. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा जगाला याची ओळख झाली. 1974 साली तर राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल भागात असाच मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली.

आज इथेनॉलचे कारखाने मका ओढत आहेत आणि त्या कारखान्यांतून उरलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, खाद्यात येत आहे. माल वाईट नाही. पण मूळ मक्यात विष असेल, तर स्टार्च निघून गेल्यावर चोथ्यात ते सुमारे तिप्पट दाट होते. म्हणून तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

आमच्या धंद्यात कांजी भरलेले थान हाताला जाड लागते आणि पहिल्याच धुण्यात विरळ पडते. गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. स्वस्त खाद्यावर फुगविलेल्या पक्ष्याचीही हीच गत आहे.

तेव्हा शेडवाल्यांनी मका कोरडा घ्यावा. ओलावा 14 टक्क्यांवर नसावा. पोती जमिनीवर नव्हे, फळ्यांवर व भिंतीपासून दूर ठेवावीत. खाद्य घरी बनवायचे, तर पशुवैद्यकाकडून प्रमाण लिहून घ्यावे. कराराने पक्षी पाळणाऱ्यांना खाद्य कंपनीच देते, त्यांनी प्रत्येक खेपेचा नंबर टिपून मूठभर नमुना कोरड्या बरणीत जपावा. वाद झाला तर तोच साक्षीदार.

चिकन दुकानदारांनाही आमचे सांगणे आहे. पिवळी, चुरा होणारी कलेजी गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालू नका आणि गुपचूप भाव पाडून गप्पही बसू नका. ज्याचा माल आहे त्याला त्याच दिवशी कळवा. त्याच्या पुढच्या खेपेचे पक्षी वाचतील आणि तुमचे गिऱ्हाईकही टिकेल. व्यापारात बरकत येते ती अशाच खऱ्या बोलण्याने.