छर्रा कुठे थांबणार, ते आधी ठरवा



एरवी आपण इथं अष्टमी-चतुर्दशीचा स्वयंपाक, पाठशाळा, उन्हाळ्यातली वाळवणं असं बोलत असतो. आजचा विषय वाचून काही जणी दचकतील. आमच्या घरात रायफल येणार आहे. पालमसारख्या गावात, जैनाच्या घरात, जिथं संध्याकाळी दिव्यावर पाखरू येऊ नये म्हणून लाइट लवकर मालवतात, तिथं!

झालं असं. माझी धाकटी नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याला तिच्या आत्याकडे गेली आणि तिथं नेमबाजीच्या सरावाला आतेबहिणीबरोबर जाऊ लागली. परत आली ती एकच धोशा घेऊन, "आई, मला दहा मीटर एअर रायफल शिकायची." तिच्या मास्तरांनी सांगितलेला एक शब्दही तिनं आणला होता, पीसीपी. म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल.

मी पहिल्यांदा सरळ नाही म्हणाले. त्याला कारण आहे. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या आजोळच्या वाड्यात चुलतमामानं छऱ्र्याची बंदूक आणली होती. डबे फोडायला म्हणून आणली, आणि चौथ्या दिवशी माळवदावरचा होला खाली पडला. मी तो ओंजळीत घेतला होता. तो गरम होता, आणि मग हळूहळू गरम राहिला नाही. मामा म्हणत होता, "मी नुसता नेम धरून बघत होतो." ते वाक्य मी आजवर विसरले नाही.

म्हणून आज जे लिहिते आहे ते हौसेनं नाही, विचार करून लिहिते आहे. माझं मत असं आहे, की आपल्या घरात अशी रायफल येऊ शकते, पण ती निवडताना पहिला प्रश्न "कोणती चांगली?" हा नसावा. "यातून सुटलेला छर्रा कुठे थांबणार?" हा असावा. हा प्रश्न नीट सोडवला की बाकीचं सामान आपोआप ठरत जातं.

आधी सासूबाईंचा आक्षेप सांगते, कारण तो खरा होता. त्या रोज स्वाध्याय करतात. त्यांनी एकच शब्द उच्चारला, हिंसादान. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. हिंसा घडवणारी साधनं दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे हिंसादान. त्या यादीत तलवार आणि शस्त्रं आहेत, पण कुऱ्हाड, कुदळ आणि अग्नीसुद्धा आहेत. म्हणजे आपल्या रोजच्या घरातल्या वस्तूसुद्धा. मी सासूबाईंना म्हटलं, "बाई, विळी तर आपण शेजारणीला देतोच की." त्या म्हणाल्या, "भाजी चिरायला देतो. कशाला मागते ते कळल्यावर देतो."

मला त्यांचं हे उत्तर फार मोलाचं वाटलं. वस्तू कोणती आहे यापेक्षा ती कशासाठी आणि कोणाच्या हाती, हे पाहायचं. आणि त्यांनी नेमिनाथ भगवंतांची आठवण दिली. आपल्या जिल्ह्यात जिंतूरच्या नेमगिरीला आणि नवागडला आपण ज्यांच्या दर्शनाला जातो, त्या भगवंतांनी लग्नाच्या वाटेवर कोंडलेले पशू पाहिले आणि रथ मागे फिरवला. ते पशू त्यांनी स्वतः कोंडले नव्हते. "मी नाही केलं, नुसतं माझ्या निमित्तानं झालं" ही सबब त्यांनी घेतली नाही. आपण तरी कशी घ्यावी?

आता खेळाबद्दल. एअर रायफल म्हणजे जत्रेतले फुगे फोडणं नव्हे. दहा मीटरवर कागदाचं किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असतं. त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान. उभं राहून ६० नेम ७५ मिनिटांत. आपल्या महाराष्ट्राच्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये आणि पनवेलच्या सुमा शिरूर २००४ साली अथेन्समध्ये याच प्रकाराच्या अंतिम फेरीत पोचल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत याच प्रकारात जगज्जेता झाला. यांतल्या कोणाच्याही छऱ्र्यानं कागदापलीकडे काही दुखावलं नाही.

कोणी म्हणेल, इतका वेळ निश्चल उभं राहणं म्हणजे कायोत्सर्गच. मैत्रिणींनो, असं म्हणू नका. खेळ हा खेळ आहे, त्याला पुण्याचं लेबल चिकटवायची गरज नाही. तो अहिंसक राहिला एवढं पुरे.

आता सामान. मी महिनाभर विचारत होते, वाचत होते, म्हणून क्रमानं सांगते.

पहिली वस्तू पेटी. छर्रे अडवणारी. रायफलीच्या आधी ही घ्या. जाड पत्र्याची, मागची बाजू तिरकी, छर्रा आत खाली पडेल अशी. तिच्यामागे पक्की भिंत हवी. खिडकी, दार, गोठा, बोळ यांतलं काही नको. दहा मीटर म्हणजे जवळजवळ ३३ फूट. आमच्या दुकानामागचं गोदाम तेवढं लांब निघालं. मध्ये कोणी येऊ शकणार नाही असं एकच दार, त्याला आतून कडी. अशी जागा नसेल तर घरी रायफल आणूच नये, क्लबातच शिकावं. गच्ची आणि अंगण यांना माझा ठाम नकार, कारण तिथं होला येतो.

दुसरी वस्तू हवा. पीसीपीत रायफलीला एक सिलिंडर असतो आणि त्यात साधारण २०० बार दाबाची हवा भरतात. २०० बार म्हणजे किती? आपल्या कुकरची शिटी होते ती साधारण एक बार जादा दाबावर. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असतात. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथं कामाचा नाही. त्यामुळे एकतर हवेची मोठी भरलेली टाकी, नाहीतर सायकलच्या पंपासारखा पण तीन टप्प्यांत दाब वाढवणारा हातपंप. टाकी रिकामी झाली की दर वेळी शहरात न्यावी लागते, म्हणून गावात राहणाऱ्यांना पहिल्यांदा पंप बरा. दमवतो, पण ते मला चालतं. हवा कष्टानं भरली की छर्रे उधळले जात नाहीत. पावसाळ्यात हवेतली ओल सिलिंडरात जाते, म्हणून गाळणी असलेला पंप घ्या आणि थांबत थांबत मारा. पंपात किंवा जोडणीत घरातलं तेल कधीही घालू नका. दाबाखाली तेल पेटून स्फोट होऊ शकतो. कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच वापरायचं. आणि हवेऐवजी ऑक्सिजन कधीच भरायचा नाही. सिलिंडरावर मुदत कोरलेली असते. जुनी रायफल घेत असाल तर आधी ती तारीख वाचा, मग रंग बघा.

तिसरी वस्तू खुद्द रायफल. स्प्रिंगची रायफल स्वस्त असते, मग पीसीपीच का? स्प्रिंगची नळी दर वेळी जोर लावून मोडावी लागते आणि सुटताना ती हिसका देते. पीसीपीत हवा आधीच भरलेली, त्यामुळे हिसका जवळजवळ नाही आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला ताण नाही. चांगल्या रायफलीत रेग्युलेटर असतो. आपल्या गॅसच्या शेगडीचा असतो ना, तसाच. सिलिंडर भरलेला असो की अर्धा, नळीकडे जाणारी हवा सारखीच जाते.

आमच्या ह्यांनी इंटरनेटवर चित्रं पाहिली आणि भुलले. काळीकुळकुळीत, वर मोठी दुर्बीण, दहा छऱ्र्यांचं मॅगझिन, आवाज दाबायची नळी, आणि जाहिरातीत "जादा ताकद". मी विचारलं, "कागदाला भोक पाडायला एवढी ताकद कशाला?" त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते सगळं सामान शिकारीसाठी असतं. आपल्याकडे २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवाई रायफलीला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणून २० ज्यूलपर्यंत जायचं, असं थोडंच आहे? स्पर्धेच्या रायफली साधारण साडेसात ज्यूलच्या आसपास असतात. म्हणून माझी मागणी साधी आहे, ४.५ मिलिमीटर, एका वेळी एकच छर्रा, कमी ताकद, दुर्बिणीऐवजी पीप साइट, आणि मुलीच्या मापाला खाली-वर होणारा दस्ता. स्पर्धेचा नियम साडेपाच किलोपर्यंत वजन चालवतो, पण सुरुवातीला हलकी बघा. परदेशी बनावटीच्या नामांकित रायफली लाखांत जातात. त्या पहिल्या वर्षी नकोत. वर्षभर क्लबाची रायफल वापरून मुलगी टिकते का ते पाहा.

मात्र एक गैरसमज नको. साडेसात ज्यूलसुद्धा होल्याला पुरतात आणि डोळ्यालाही. रायफल कमी ताकदीची असली तरी निरुपद्रवी नसते.

चौथी वस्तू छर्रे. कागदासाठी चपट्या तोंडाचे येतात, गोल स्वच्छ भोक पडतं. टोकदार घेऊच नका, आपल्याला त्यांचं काम नाही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही, आणि डबी फडताळात धान्याशेजारी नाही. पेटीतले वापरलेले छर्रे वेचून ठेवा. उकिरड्यावर टाकले तर पाखरं खडे समजून गिळतात आणि शिशाच्या विषानं मरतात. न झाडता पाखरू मारायचा हाही एक मार्ग आहे, आणि तो आपल्या निष्काळजीपणाचा आहे.

पाचवी कपडे. नेमबाजीच्या जाकिटात, हातमोज्यात, बुटांत चामडं बऱ्याचदा असतं. दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. कॅनव्हास आणि कृत्रिम कापडाचं मिळतं, आधी विचारून घ्या. त्याबरोबर डोळ्यांना चष्मा आणि नळीत घालायची भडक रंगाची सेफ्टी दोरी. दोरी बाहेर दिसली म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबून कळतं.

सहावी वस्तू कुलूप, आणि माझ्या दृष्टीनं खरी परीक्षा हीच. रायफल अजून आली नाही, पण बातमी गावभर झाली. परवा आमच्या शेताशेजारचे काका आले. चहा झाल्यावर म्हणाले, "ताई, आली की दोन दिवस द्या. वानरं लई माजलीत, नुसती हुसकायची." काका चांगले आहेत, आमच्या अडीनडीला धावतात. सोयाबीनचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यांचं दुःख खोटं नाही. मला पटकन नाही म्हणवेना. तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "भाऊ, फटाके लागतील तर घेऊन जा, राखणीला गडी लागला तर आमचा गडी न्या. ते मिळणार नाही." काका थोडे रागावले. आठ दिवस आले नाहीत. मग आले.

ते आठ दिवस मला जड गेले, पण माझं मत तिथंच पक्कं झालं. "नुसती हुसकायची" आणि "नुसता नेम धरून बघत होतो" ही एकाच घरातली वाक्यं आहेत. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१पासून लोक आपल्या एअरगन सरकारकडे आपणहून जमा करू लागले, पाखरं आणि जनावरं उरावीत म्हणून. शिकार तिथं पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती, तरी माणसांनी बंदुका ठेवून दिल्या. तिथं त्या खाली ठेवल्या जात असताना आपण घरात आणतो आहोत, तर निदान तिचं काम कागदापुरतंच राहील एवढी जबाबदारी आपली.

आमच्या घरचे नियम ठरले. रायफल कोणालाही उसनी नाही, भावालाही नाही. छर्रे वेगळ्या कुलपात. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय सराव नाही. पर्युषणात दहा दिवस बंद. आणि कधी एकदाही जिवाकडे नळी वळली, अगदी रिकामी असली तरी, तर खेळ संपला. धाकटीनं हे स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं आहे.

पेटी मागच्या आठवड्यात लोहारानं करून दिली. गोदामातली पोती हलवून भिंत मोकळी केली. रायफल वर्षभर थांबेल, तोवर सुट्टीत पुणं आहेच. आणि किल्ली? ती सासूबाईंनी स्वतःकडे मागून घेतली. देवघरातल्या जपमाळेच्या डबीत ठेवणार म्हणतात. ज्यांनी पहिला आक्षेप घेतला त्यांच्याच हाती किल्ली असावी, हे मला सगळ्यांत पटलं.

तुमच्या लेकीनं असं काही मागितलं तर एकदम नाही म्हणू नका, आणि एकदम होही म्हणू नका. आधी तिच्याबरोबर घरात फिरा आणि विचारा, "छर्रा कुठे थांबेल ते दाखव."

जय जिनेंद्र!