विमान उतरले, पुढे काय?

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागावरून छोटे विमान नेणाऱ्याला आणीबाणीत ते सुखरूप उतरवता आले, तरी निम्मेच काम होते. मदत पोहोचेपर्यंत तगून राहणे ही खरी कसोटी. १९२९ मध्ये कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक तीत हरले. बेपत्ता चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ यांच्या शोधात निघालेले त्यांचे 'कुकाबुरा' विमान इंजिनातील बिघाडामुळे तनामी वाळवंटात उतरले. बिघाड त्यांनी दुरुस्तही केला. पण वाळू आणि झुडपांतून पुन्हा झेप घेता येईना. रेडिओ नव्हता, पाणी तुटपुंजे होते. दोघेही तहानेने गेले. स्मिथ मात्र जिवंत सापडले.

आज आपत्कालीन बीकनचा ४०६ मेगाहर्ट्झवरील संदेश उपग्रहांमार्फत कॅनबेरातील बचाव समन्वय केंद्राला मिळतो. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या संदेशांकडे उपग्रहांनी लक्ष देणे फेब्रुवारी २००९ मध्येच थांबले. परंतु विमानात बसवलेला बीकन आदळताना निकामी होऊ शकतो, त्याची अँटेना तुटू शकते. म्हणून छोटा बीकन वैमानिकाच्या अंगावरच हवा. विमानाने पेट घेतला, तर मागच्या आसनावरील पिशवीतला बीकन घरी विसरल्यासारखाच!

दुर्गम म्हणून घोषित केलेल्या प्रदेशांवरून उडताना तेथे जगण्यापुरते साहित्य नेणे नियमाने बंधनकारक आहे. मात्र पाणी किती लिटर, हे ठरवायचे वैमानिकानेच. खरी मेख इथे आहे. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन. चार आसनी विमानात इंधन, माणसे आणि सामान यांचा मेळ बसेना, की पहिली कात्री पाण्याला लागण्याचा धोका असतो. वस्तुतः उन्हाळ्यात सावलीत बसून राहणाऱ्यालाही दिवसाला कित्येक लिटर पाणी लागते. चौघांसाठी वीस लिटर किती पुरणार?

पाणी कमी पडले की माणूस चालू लागतो, आणि तेच घातक ठरते. चमकणारा पंख आकाशातून दिसतो, झुडपांतला माणूस दिसत नाही. १९३२ मध्ये किंबर्ली किनाऱ्यावर अडकलेले जर्मन वैमानिक हान्स बर्ट्राम आणि त्यांचा मेकॅनिक विमान सोडून भटकले. उपासमारीने खंगलेल्या या दोघांना अखेर मूळनिवासींनी वाचवले.

यासाठी निघण्यापूर्वी मार्ग आणि पोहोचण्याची वेळ जबाबदार व्यक्तीकडे नोंदवून ठेवावी लागते. बीकन मुका राहिला, तर शोध कधी आणि कुठे सुरू करायचा, हे त्या कागदावरूनच ठरते.