शब्दांमागचा माणूस

१९४२ च्या लढ्यात तुरुंगवास भोगलेल्या एच. वाय. शारदा प्रसाद यांनी इंदिरा गांधी, मोरारजी देसाई व राजीव गांधी या तीन पंतप्रधानांचे माहिती सल्लागार म्हणून काम केले आणि १९८८ साली ते पद सोडले. भाषणे नेत्यांच्या नावावर जमा झाली. त्यांनी मालकी सांगितली नाही, की आतल्या गोष्टींचा बाजार मांडला नाही. हा संयम वंदनीयच. परंतु १९७५ साली वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हाही ते त्याच कार्यालयात होते, हे समाजवाद्यांना विसरता येणार नाही. निष्ठा व्यक्तीशी की विचाराशी? पक्षाची पत्रके लिहिणाऱ्यांचा सत्कार निवृत्तीच्या शाल-श्रीफळाने पुरा होत नाही. ‘हे मी लिहिणार नाही’ असे नेत्याला सांगण्याचा अधिकार त्यांना कामावर असतानाच मिळाला पाहिजे.