विश्लेषण : संग्रहालयाच्या पडद्यामागचे काम वेल्ह्याच्या विद्यार्थ्यांना कधी शिकता येणार?

राजगड जागतिक वारसा यादीत गेला आणि वेल्हे तालुक्याचे नावही राजगड झाले. या परिसरातील वारशाची नोंद ठेवणारे, तो जपणारे आणि लोकांना समजावून सांगणारे प्रशिक्षित हात आता लागणार आहेत. ते हात स्थानिक तरुणांचे असतील की बाहेरून येतील? याचे उत्तर बऱ्याच अंशी संग्रहालयांतील विद्यार्थी फेलोशिपवर अवलंबून आहे. ही फेलोशिप म्हणजे काय, तिचा लाभ कोणाला मिळतो आणि कोण बाहेर राहतो, याचा हा आढावा.

हा विषय आताच का?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातील ११ किल्ले महाराष्ट्रातील, तर जिंजी तमिळनाडूतील आहे. वेल्हे तालुक्यातील राजगड या यादीत आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच तालुक्याचे नाव अधिकृतपणे राजगड करण्यात आले, पण बोलण्यात अजून ‘वेल्हे’च आहे.

यादीतील बहुतेक किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत. राजगड, साल्हेर, खांदेरी आणि प्रतापगड हे चार मात्र राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. राज्य सरकारची संग्रहालयेही हेच संचालनालय चालवते. म्हणजे गडावरील अवशेषांची काळजी आणि संग्रहालयातील वस्तूंची काळजी ही एकाच खात्याची जबाबदारी आहे. दोन्हींसाठी लागणारी कौशल्येही बरीचशी सारखी आहेत.

पडद्यामागे नेमके काय चालते?

प्रेक्षकाला दालनातील काचेची कपाटे आणि त्यातील वस्तू दिसतात. मात्र कोणत्याही मोठ्या संग्रहालयातील बहुतांश वस्तू भांडारात असतात. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी सुमारे अडीच हजारच दालनांत मांडलेल्या असतात. उरलेल्या वस्तूंनाही क्रमांक, नोंद, छायाचित्र, स्वच्छता आणि नियमित तपासणी लागते.

हे काम चार टप्प्यांत समजून घेता येते. पहिला टप्पा नोंदणीचा. वस्तू कुठून आली, कोणी दिली, माप काय, कशाची आहे, हे नोंदवहीत जाते. दुसरा टप्पा स्थिती अहवालाचा. तडा कुठे आहे, रंग कुठे उडाला आहे, कसर लागली आहे का, हे छायाचित्रांसह लिहून ठेवतात. तिसरा टप्पा संवर्धनाचा, म्हणजे प्रकाश, आर्द्रता आणि कीड यांपासून वस्तू वाचवणे आणि गरज पडली तरच तिच्यावर उपचार करणे. चौथा टप्पा मांडणीचा. वस्तूजवळ कोणती माहिती, किती शब्दांत आणि कोणत्या भाषेत लिहायची, हे त्यात ठरते.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून आलेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली, तेव्हा लोकांनी गर्दी केली. अशी वस्तू उसनी आणायची तर करार, सुरक्षा, ठरावीक वातावरण असलेले कपाट आणि स्थितीची काटेकोर नोंद हे सगळे आधी पार पाडावे लागते. हे काम करणारी माणसे प्रेक्षकांना दिसत नाहीत.

नोंदीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (कॅग) २०१३ च्या अहवालातून पुढे आले. केंद्र संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर सापडत नसल्याचे त्यात म्हटले होते. संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी आणि प्रत्यक्ष पडताळणी यांतील त्रुटींवरही अहवालाने बोट ठेवले होते.

फेलोशिप आणि इंटर्नशिप यांत फरक काय?

इंटर्नशिप सहसा काही आठवड्यांची असते. विद्यार्थी काम पाहतो, हाताखाली मदत करतो आणि प्रमाणपत्र घेऊन जातो. तिला मानधन असतेच असे नाही. फेलोशिप किंवा अधिछात्रवृत्तीत कालावधी मोठा असतो, एक ठरावीक काम सोपवलेले असते, मार्गदर्शक असतो आणि मुख्य म्हणजे दरमहा विद्यावेतन मिळते. थोडक्यात, फेलोशिपमध्ये विद्यार्थ्याच्या वेळेची किंमत मान्य केलेली असते.

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या काही फेलोशिप आहेत. कनिष्ठ फेलोशिपसाठी दरमहा १० हजार आणि वरिष्ठसाठी २० हजार रुपये दोन वर्षे मिळतात. टागोर राष्ट्रीय फेलोशिपची रक्कम दरमहा ८० हजार रुपये आहे. मात्र या योजना अनुभवी कलावंत, अभ्यासक आणि संशोधकांसाठी आहेत. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग नाही.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांनी असे काम पूर्वी केले आहे का?

केले आहे, आणि तेही दीडशे वर्षांपूर्वी. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती तयार केल्या. लेण्यांच्या अंधारात, अनेक हंगाम चाललेले हे काम होते. प्रती लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयात पाठवण्यात आल्या. १८८५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील अनेक प्रती नष्ट झाल्या. हेच संग्रहालय पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट नावाने ओळखले जाऊ लागले.

ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरील ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव कलेच्या इतिहासात राहिले. प्रत्यक्ष कुंचला चालवणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे मात्र आज अभ्यासकांपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. पडद्यामागच्या कामाचे श्रेय कोणाला, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आज शिकण्याची सोय कुठे आहे?

संग्रहालयशास्त्राचा देशातील पहिला विद्यापीठीय विभाग १९५२ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सुरू झाला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सुमारे ७० हजार वस्तूंचा संग्रह आहे. तेथे २००८ पासून कलासंवर्धन केंद्र असून संग्रहालयशास्त्र व संवर्धनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालतो. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आधुनिक व समकालीन भारतीय कला आणि प्रदर्शन-नियोजन यांवर पदव्युत्तर पदविका आहे.

पुण्यात साधने भरपूर आहेत. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पारसनीसांचा साताऱ्यातील संग्रह १९३९ मध्ये तेथे आला आणि त्यातून मराठा इतिहास संग्रहालय उभे राहिले. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून काम करते आहे. देशातील राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तूंची संगणकीय नोंद ज्या ‘जतन’ प्रणालीवर होते, तीही पुण्याच्या सी-डॅकने तयार केली आहे. तेव्हा ज्ञानाची उणीव नाही. ते शिकायला जाणाऱ्याचा खर्च कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

भोर-वेल्ह्याचा याच्याशी काय संबंध?

या खोऱ्यांतील घरे, वाडे आणि देवळे हेच एक विखुरलेले भांडार आहे. भोर तालुक्यातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील जुनी कागदपत्रे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकमान्य टिळकांकडे आली. त्यांतील जेधे शकावली टिळकांनी १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी त्या शकावलीत होती. त्यावरून निघणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे राज्य सरकारने अधिकृत मानली. एका घरातील दफ्तर कोणी तरी जपले, कोणी तरी वाचले, म्हणून हा बदल घडला.

त्याच वेळी शेजारच्या संस्थानांकडे पाहिले तर फरक जाणवतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपला कलासंग्रह लोकांसाठी खुला केला. १९३८ च्या सुमारास उभे राहिलेले औंधचे श्री भवानी संग्रहालय राजा रविवर्मा यांच्या चित्रांसाठी आणि हेन्री मूर यांच्या शिल्पासाठी आजही ओळखले जाते. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. तेथील राजवाडा आज अनेकांना चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे ठाऊक आहे. या खोऱ्यांतील वस्तू आणि कागद बहुतांश पुण्या-मुंबईच्या संग्रहांत तरी गेले किंवा घरांच्या माळ्यावर तरी राहिले.

सह्याद्रीच्या ऐन घाटमाथ्याजवळच्या या भागात पावसाळ्याचे चार महिने हवेत कमालीची ओल असते. कागद आणि लाकडाला याच काळात बुरशी आणि कसर लागते. त्यामुळे माळ्यावरच्या दफ्तरासाठी दर पावसाळा धोक्याचा असतो.

मग स्थानिक विद्यार्थी यात का दिसत नाहीत?

पहिले कारण पैशाचे. वेल्हे ते पुणे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. रोज ये-जा केली तर दिवसाचे तीन-चार तास प्रवासात जातात, आणि मुंबईत राहायचे तर खोलीभाडे आणि जेवण आले. विनामानधन काम करणे ज्याच्या घरी शहरात खोली आणि हाताशी पैसे आहेत त्यालाच परवडते. निवड गुणवत्तेवर झाली तरी अर्ज करणाऱ्यांची यादी आधीच गाळलेली असते.

दुसरे कारण धोरणातील फटीचे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील विद्यापीठांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ अभ्यासक्रमाचा भाग झाले आहे. पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी त्याला चार श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर ते १२० तास होतात, म्हणजे रोज सहा तास काम केल्यास २० दिवस. या कामाला विद्यावेतन देण्याचे बंधन नाही. दुसरीकडे, राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत दरमहा सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन आहे. पण शिक्षण चालू असलेले विद्यार्थी तिच्यासाठी पात्र नाहीत. परिणामी जिथे श्रेयांक आहेत तिथे पैसे नाहीत आणि जिथे पैसे आहेत तिथे विद्यार्थ्याला प्रवेश नाही.

तिसरे कारण माहितीचे. वारसा म्हटले की गावातील मुलांसमोर वाटाड्या, तंबूमुक्काम, पिठलं-भाकरीची सोय आणि वाहनतळ हीच कामे येतात. ती प्रतिष्ठेचीच आहेत, पण हंगामी आहेत. नोंदणी, संवर्धन, मोडी वाचन हीसुद्धा पोटापाण्याची कामे होऊ शकतात, हे कोणी सांगत नाही.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेत मेलन फाउंडेशनने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कला संग्रहालयांतील क्युरेटर, संवर्धक, शिक्षणतज्ज्ञ आणि नेतृत्वपदांवरील ८४ टक्के व्यक्ती श्वेतवर्णीय आढळल्या. त्यापूर्वीच, २०१३ मध्ये, याच संस्थेने पाच मोठ्या संग्रहालयांत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सशुल्क नव्हे तर सवेतन फेलोशिप सुरू केली होती. ज्या समाजगटांतील माणसे या पेशात कमी आहेत त्यांना शिकत असतानाच आत आणावे, हा त्यामागचा विचार होता. अमेरिकेतील कला संग्रहालय संचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये सर्व इंटर्नना मानधन द्यावे, असा ठराव केला. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला २०२० मध्ये ५० लाख डॉलरची देणगी मिळाल्यावर तेथील सर्व इंटर्नशिप सवेतन झाल्या. फुकट कामामुळे पेशाचे दार ठरावीक घरांपुरतेच उघडे राहते, हे त्या संस्थांनी मान्य केले.

येथे काय करता येईल?

फार मोठ्या निधीची गरज नाही. दहा विद्यार्थ्यांना दरमहा दहा हजार रुपये सहा महिने दिले तर विद्यावेतनाचा खर्च सहा लाख रुपये होतो. त्यात पुण्यात राहण्याची सोय जोडली तरी वारसा स्थळांवरील इतर खर्चाच्या मानाने ही रक्कम लहानच राहील. संचालनालय, विद्यापीठ आणि पुण्यातील संस्था यांनी एकत्र येऊन ‘ऑन जॉब ट्रेनिंग’लाच विद्यावेतन जोडले तर श्रेयांक आणि पैसे यांतील फट बुजेल.

कामही तयार आहे. पहिले तीन महिने पुण्यातील भांडारात नोंदणी आणि स्थिती अहवाल शिकायचा आणि पुढचे तीन महिने आपल्याच खोऱ्यात घराघरांतील कागद, मूर्ती, शस्त्रे आणि भांडी यांची मालकाच्या संमतीने नोंद करायची. पुरावस्तू व कलाकोष कायदा, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. वस्तू मालकाकडेच राहू शकते, मात्र ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. ‘नोंद केली की सरकार वस्तू घेऊन जाईल’ ही भीती गावोगावी असते. ती बाहेरच्या अधिकाऱ्यापेक्षा गावातल्याच मुलीने किंवा मुलाने समजावली तर लवकर जाईल.

यात एक खबरदारी हवी. फेलोशिप ही रिक्त पदे स्वस्तात भरण्याची पळवाट ठरू नये. विद्यार्थ्याला मार्गदर्शक असावा, कामाचा कालावधी ठरलेला असावा आणि त्याने लिहिलेल्या अहवालावर, प्रदर्शनाच्या फलकावर त्याचे नाव असावे. राजगडाला मिळालेला दर्जा टिकवायचा तर व्यवस्थापन, नोंदी आणि देखभाल वर्षानुवर्षे चालवावी लागेल. येत्या काही वर्षांत त्यासाठी नेमणुका होतील, तेव्हा अर्ज करण्याइतके शिकलेले तरुण गुंजवणे, पाली, वाजेघर किंवा वेल्ह्यात असतील की नाही, हे आज सुरू होणाऱ्या किंवा न होणाऱ्या फेलोशिपवर ठरेल.